नवव्या प्रकरणातली चूक

माधवराव सोहनींचं पुस्तक बुधवारी सकाळी छापून आलं आणि बुधवारी दुपारपासून त्यांचं जेवण तुटलं. चांगली गोष्ट घडली की माणूस दोन घास जास्त खातो म्हणतात. पण माधवराव म्हणजे काळजी करण्यासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. तळेगावच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला तरी ह्यांना वाटायचं, पेपर तपासणाऱ्याचीच काहीतरी गफलत झाली असणार. सुनेत्राबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ह्यांना कसली काळजी नसली ना, की ह्यांना त्याचीच काळजी लागते.

पुस्तक होतं लेलँड मार्श ह्या हॉलिवूडच्या जुन्या दिग्दर्शकाचं चरित्र. चारशे बारा पानं, बावीस वर्षांचं काम. तळेगावातल्या माणसाने उठून अमेरिकेतल्या मेलेल्या माणसामागे बावीस वर्षं का लागावं, असं नातेवाईक तोंडावर विचारायचे. माधवराव नुसते हसत. प्रेम कुठे आणि कसं बसतं, ह्याचं उत्तर कुणी दिलंय का आजवर?

मार्श हा मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका गावात, खोगिरं शिवणाऱ्याच्या घरी जन्मला. सतराव्या वर्षी घरातून पळाला तो थेट हॉलिवूडला. तिथे सुताराच्या हाताखाली खोटी घरं आणि खोटे राजवाडे ठोकू लागला. चित्रपट तेव्हा मुके होते. एके दिवशी दिग्दर्शक दारू पिऊन आडवा झाला, कुणीतरी ह्या पोराला कॅमेऱ्यामागे उभं केलं, आणि त्यानंतर बाबा तिथून हलला नाही. चित्रपट बोलायला लागले तसा ह्याचा आवाजही चढत गेला. त्याच्या नावावर थिएटरं भरायला लागली. सगळं खरं पाहिजे, हा त्याचा हट्ट. पावसात भिजायचा प्रसंग असेल तर नटाला सकाळपासून भिजत ठेवायचा. ओझं वाहायचं असेल तर पोत्यात पेंढा भरू द्यायचा नाही, म्हणायचा, वजन डोळ्यांत दिसतं. आणि एक वाक्य तर त्याच्या नावाला कायमचं चिकटलं होतं: माझ्या चौकटीत पान हललं, तर ते मी हलवलेलं असतं.

पुढे तीन बायका झाल्या, स्टुडिओच्या मालकाशी भांडण झालं, लागोपाठ दोन चित्रपट सपाटून पडले. ज्या फाटकातून मोटारीतून आत जायचा, तिथला पहारेकरी त्याला ओळखेना. अशा पडत्या काळात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, मार्श चार माणसं आणि एक कॅमेरा घेऊन आला कुठे, तर आपल्या आंदर मावळात. कोकणातून मीठ डोक्यावर घेऊन घाट चढणाऱ्या हमालांची गोष्ट त्याला करायची होती. तो चित्रपटही पडला. मार्श भाड्याच्या खोलीत, एकटा मेला. मग पुष्कळ वर्षांनी तिकडच्या अभ्यासकांना ह्या चित्रपटातली शेवटची अडीच मिनिटं सापडली. घोड्यावर बसलेला गोरा अंमलदार 'चला, चला' म्हणून ओरडतोय, डोक्यावर मिठाच्या गोण्या घेऊन साठ माणसांची रांग चढतेय, आणि एकदम, कुणीही काही न बोलता, सगळी रांग खाली बसते. उभा राहतो तो फक्त घोडा. एका दमात घेतलेलं चित्रण, मध्ये कुठे जोड नाही.

ह्या अडीच मिनिटांवर माधवरावांचं नववं प्रकरण होतं. म्हातारपणी मार्शने एका मुलाखतीत सांगितलं होतं की, त्या माणसांना मी तीन दिवस घोटवलं, शेवटी साठ जणांचा श्वास एक झाला, मग कॅमेरा चालू केला. त्यावर माधवरावांनी प्रेमापोटी स्वतःची बारा पानं रचली होती. हुकूमशहा म्हणवणाऱ्या माणसाने सत्याग्रह कसा समजून घेतला, वगैरे. प्रकाशिका अनघा म्हणाली होती, सर, पुस्तकाचा प्राण आहे हा.

रविवारी दुपारी चार वाजता लोणावळ्याच्या सभागृहात प्रकाशन होतं आणि प्रमुख पाहुण्या होत्या शालूबाई. वय पंच्याऐंशी, राहणार आंदर मावळ. त्या साठ माणसांपैकी एवढीच एक उरली होती. तिची नात अपेक्षा उर्स्याच्या टोलनाक्यावर नोकरीला होती. तिने पेपरात पुस्तकाची बातमी वाचून आपण होऊन फोन केला होता की, तुमच्या साहेबाच्या रांगेत माझी आजी होती. पुस्तक तेव्हा छापखान्यात गेलेलं. माधवरावांना कोण आनंद झाला! गुडघे दुखतात म्हणून ते लगेच भेटायला काही गेले नाहीत, पण पत्रिकेवर नाव मात्र ठळक छापून घेतलं.

आणि गुरुवारी अपेक्षाचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "सर, तुम्ही पाठवलेल्या पुस्तकातलं ते नववं प्रकरण मी आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणते, बसायला साहेबाने सांगितलंच नव्हतं. तुम्ही एकदा येऊन जाता का?"

माधवरावांनी फोन ठेवला आणि एसटीचं वेळापत्रक शोधायला घेतलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ते निघाले. टाकव्याच्या पुढे रस्त्याने हाडं खिळखिळी केली, आणि शेवटच्या थांब्यापासून पाऊण तास चालावं लागलं. भाताची झोडणी चालू होती. परतीची गाडी साडेबाराला होती, ती चुकली तर थेट साडेपाचला. तेव्हा ह्या गृहस्थाचं निम्मं लक्ष घड्याळात आणि निम्मं नवव्या प्रकरणात.

शालूबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. अंगाने वाळलेली, पण डोळा खणखणीत. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग तिने सुरुवात केली. आमच्याकडं ओझं घेऊन घाट चढायची एक रीत होती, म्हणाली. रांगेत कुणी दमलं की त्याने नुसतं म्हणायचं, 'टेक'. मग पुढच्या-मागच्या सगळ्यांनी ओझं उतरवून खाली टेकायचं. मी नाही दमलो म्हणून कुणी पुढे जायचं नाही. कुणी विचारायचं नाही, कोण दमलं म्हणून. शब्द ऐकला की बसायचं, बास. तर त्या साहेबाच्या माणसाने काय केलं? पहिल्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले, एकजण काळी पाटी घेऊन पुढे आला आणि खच्चून ओरडला, 'टेक वन!'

"आमी समदी बसलो," शालूबाई म्हणाली.

माधवरावांनी कपबशी खाली ठेवली. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरजच नव्हती. पण शालूबाई सांगत राहिली. साहेब तणतणला, सगळ्यांना उभं केलं. पाटीवाला ओरडला, 'टेक टू'. हे पुन्हा बसले. रांगेचा म्होरक्या म्हणजे शालूबाईचा बाप, रखमाजी. त्याला पुढे बोलावून विचारलं, का बसता? त्याने हात जोडून सांगितलं, तुमीच म्हनलासा की. ते कुणीतरी साहेबाला इंग्रजीत समजावलं, तशी ती सगळी गोरी माणसं पोट धरधरून हसली. संध्याकाळपर्यंत जो येईल तो रखमाजीच्या तोंडासमोर ओरडायचा, टेक, आणि हसायचा. हे सांगताना शालूबाई स्वतः हसत नव्हती. माधवरावांच्या काही ते ध्यानात आलं नाही. त्यांना समोर दिसत होती आपली बारा पानं. सत्याग्रह म्हणे! साठ श्वासांचा एक श्वास म्हणे! आणि मुळात काय, तर एका शब्दाची गंमत.

बारा वाजायला आले तसे ते उठलेच. शालूबाई म्हणाली, "मास्तर, अजून सांगायचं हाय की. भाकर खाऊन जावा." पण मास्तरांचं चित्त थाऱ्यावर होतं कुठे? गाडी चुकेल, रविवारी भेटूच, असं काहीतरी पुटपुटत ते निघाले. पिशवीत टॅबलेट होता. म्हातारीला तिचा प्रसंग दाखवायचा म्हणून मुद्दाम आणलेला. तो बाहेर काढायचंही त्यांना भान राहिलं नाही.

शनिवार कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. एका बाजूने वाटे, कुणाला कळणार आहे? मार्श मेला, रांगेतले एकोणसाठ मेले. म्हातारी चार शब्द बोलेल, लोक टाळ्या वाजवतील, पुस्तक आपल्या वाटेने जाईल. दुसऱ्या बाजूने वाटे, बावीस वर्षं घालवून आपण बाजारात एक खोटी गोष्ट आणतोय. त्यातून शालूबाईने भर सभेत ते 'टेक वन' सांगितलं, तर सोहनी मास्तरांची अशी शोभा होईल की तळेगावच्या बाजारात भाजी आणायला जायची सोय राहणार नाही. ह्या विचाराने त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला, आणि मग भल्या माणसाने करू नये अशी गोष्ट त्यांनी केली. अपेक्षाला फोन लावला आणि आडून आडून सुचवलं की, एवढ्या वयात हा प्रवास आजींना झेपेल का, गर्दीचा त्रास होईल, हवं तर आपण त्यांचा सत्कार घरीच येऊन करू.

अपेक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, आजीने पेटीतलं लुगडं काढून उन्हाला घातलंय. तिला तो सिनेमा बघायचाय. तिने कधी पाहिलाच नाही."

माधवरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की फोन ठेवल्यावर ते बराच वेळ मोरीत उभं राहून तोंड धूत राहिले. सुनेत्राबाईंनी मग त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं म्हणायचं. मुलांना जन्मभर हेच सांगितलंत ना? फाशी नाही देणार कोणी." माधवरावांना हे पटलं, आणि पटल्यामुळे त्यांची काळजी आणखीच वाढली.

रविवारी सभागृह चांगलं भरलं. तळेगाव-लोणावळ्याचे शिक्षक, वाचनालयातली मंडळी, सिनेमा शिकणारी पोरंपोरी. शालूबाई पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात, अपेक्षाच्या शेजारी. माधवरावांनी तिला नमस्कार केला पण डोळ्याला डोळा दिला नाही. अनघाने प्रास्ताविक केलं, दिवे घालवले आणि पडद्यावर ती अडीच मिनिटं दाखवली. वाद्यांचा मोठा गजर, घोडा, चढण, रांग, आणि ते एकदम खाली बसणं. शालूबाई खुर्चीत पुढे सरकली, तिने अपेक्षाचं मनगट धरलं. दिवे लागले तरी तिची नजर पांढऱ्या पडद्यावरच होती.

अनघाने माइक तिच्यापुढे धरून विचारलं की, आजी, ह्या प्रसंगासाठी साहेबांनी तुम्हाला कसं तयार केलं होतं?

शालूबाईने पडद्यावरची नजर काढून माधवरावांकडे पाहिलं. "मास्तरांना इचारा. त्यांला सांगितलंय म्या," ती म्हणाली.

दीडशे माना माधवरावांकडे वळल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मार्शने तीन दिवस घोटवून घेतलं, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. म्हातारी काही भांडायला उठली नसती. ते उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुनेत्राबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. आणि ह्या घाबरट माणसाने, खरंच सांगतो, सगळं सांगून टाकलं. माझं नववं प्रकरण चुकलेलं आहे, म्हणाले. मार्शने काही घोटवलं नव्हतं. मग ती घाटाची रीत सांगितली, ती पाटी सांगितली, आणि 'टेक वन' सांगितलं.

सभागृहात हशाचा स्फोट झाला. माधवरावांना आधी कळेना की लोक आपल्याला हसतायत की काय. पण नाही, लोक खुशीत हसत होते. पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक डोळे पुसत होते. माधवरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला, आणि त्या मोकळेपणात त्यांचा जरा तोलच गेला. त्यांनी पाटीवाल्याचा आवाज काढला, 'टेक टू!', आणि साठ माणसं कशी पुन्हा मटकन बसली ते हाताने दाखवलं. रखमाजीचं 'तुमीच म्हनलासा की' सुद्धा हात जोडून म्हणून दाखवलं. लोक खुर्च्यांवर हात आपटायला लागले. माधवराव स्वतःही हसत होते.

हसता हसता त्यांची नजर शालूबाईकडे गेली. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. अपेक्षा माधवरावांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की माधवरावांचं हसू ओठांवरच सुकलं. एकोणसत्तर वर्षांपूर्वी जी माणसं रखमाजीला हसली होती, त्यांच्यात आज हे दीडशे मिळाले, आणि ते मिळवून आणले आपण. चार दिवस काळजी केली ती सगळी आपलीच. हिची काळजी आपण घटकाभरही केली नाही. त्यांना भर सभेत रडू येईल असं वाटलं.

शालूबाई उठली. माइक तिने बाजूला केला. हळूहळू चालत पडद्याशी गेली आणि लोकांकडे वळून उभी राहिली. हशा आपोआप विरत गेला.

"मास्तर बोलले त्ये खरं हाय," ती म्हणाली. "पर ती पयल्या दिसाची गोष्ट. पयल्या दिसाचं त्या साहेबानं काय बी ठेवलं न्हाई. मास्तरांची गाडी व्हती, फुडचं आयकायचं ऱ्हायलं."

तिने पांढऱ्या पडद्याकडे हात केला.

"ह्ये तिसऱ्या दिसाचं हाय. तवर आमाला समदं कळलं व्हतं. साहेबाची टेक म्हंजी चालायचं. दोन दिस हसून घेतल्याव कुणाला बी कळंल. गोणीत खरं मीठ व्हतं. पेंढा भरा म्हनलं तर साहेब न्हाई म्हनला. चौदा येळा चढलो, चौदा येळा उतारलो. मी सोळा वर्साची. माझं पाय थरथराया लागलं. सांगायची लाज वाटं. म्होरं बा व्हता. त्यानं वळून बगितलं. आमाला बजावलं व्हतं, यंत्र चालू असताना जो थांबंल त्याला हाकलून देऊ. बा म्हनला, टेक. साहेबाची न्हवं. आमची."

पुढचं तिने अगदी साधेपणाने सांगितलं. साठही माणसं बसली. साहेब ओरडला, पाटीवाला ओरडला, घोड्यावरचा नट ओरडला. कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब बाडबिस्तरा आवरून गेला. रखमाजीने पुढे कधी त्याचं नावही काढलं नाही. सिनेमात काय आलं, आलं की नाही, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

मग ती अनघाला म्हणाली, "बाय, त्ये पुन्यांदा दावा. घरात त्याचा फोटू न्हाई."

दिवे पुन्हा गेले. माधवराव व्यासपीठावरून उतरून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पडद्यावर वाद्यं गरजली, घोडा आला, रांग आली. सगळ्यांत पुढे मुंडासं बांधलेला एक उंच माणूस चढत होता. शालूबाईने हात लांब करून त्याच्या पायाशी पडद्याला बोट लावलं.

"ह्यो," ती म्हणाली.

त्या माणसाने चालता चालता मागे वळून पाहिलं. ह्या मान वळवण्यावर माधवरावांनी दीड पान लिहिलं होतं, मार्शने ती कशी मोजून मापून बसवली म्हणून. आता त्यांना दिसलं की तो माणूस कुणाकडे तरी पाहतोय. त्याने तोंड उघडलं. गजरात शब्द ऐकू आला नाही. शालूबाईचे ओठ मात्र हलले.

"मी चवथी," ती म्हणाली. "त्याच्या मागं बगा."

माधवरावांनी हा प्रसंग दोनशे वेळा तरी पाहिला असेल. घोडा पाहिला होता, सावल्या पाहिल्या होत्या, कॅमेरा कुठे ठेवला असेल त्याची आकृती काढली होती. रांगेतल्या चौथ्या पोरीच्या पायांकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. गोणीखाली तिचे गुडघे लटलट कापत होते.